खिशातला पनामा

युक्रेनचे माजी पंतप्रधान पावलो लाझारेन्को डिसेंबर १९९८मध्ये स्वित्झर्लंडच्या सीमेवर पकडले गेले. खिशात पासपोर्ट पनामाचा. देशसेवेचा व्याप वाढला की एक देश पुरत नाही!

खुर्ची लाभली जेमतेम वर्षभर. पैसा मात्र स्वित्झर्लंड, अँटिग्वा अशी तीर्थयात्रा करून कॅलिफोर्नियातल्या महालात विसावला. मागोमाग, फेब्रुवारी १९९९मध्ये, साहेबही न्यूयॉर्कला उतरले आणि आश्रय मागू लागले. निवारा मिळाला खरा, पण गजांआड.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीने २००४ साली त्यांना मनी लाँडरिंगसाठी दोषी ठरवले. २००६मध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली, अपिलानंतर ती ९७ महिन्यांवर आली.

२०१२मध्ये साहेब सुटले. गर्न्सी, लिकटेनस्टाइन, लिथुआनिया इथल्या खात्यांतल्या सुमारे २५ कोटी डॉलरवरचा जप्तीचा दावा तेव्हाही चालूच होता. मालक बाहेर, पैसा आत.