शून्य चुका, शून्य प्रकाश

विद्युत्-मंडल, म्हणजे व्यवहारात सगळे ज्याला सर्किट म्हणतात, ते कागदावर रेखणे ही एक विद्या आहे, ते तांब्याच्या पत्र्यावर उतरवणे ही दुसरी, आणि ही दोन्ही कामे करून देणारे संगणकीय साधन आपल्यावर का रुसले आहे हे शोधून काढणे ही तिसरी. पहिल्या दोन विद्या अभ्यासक्रमात असतात. तिसरीला गुरूही नसतो आणि गुणही नसतात. या तिसऱ्या विद्येचा विचार मुक्त स्रोत साधनांच्या, म्हणजे ज्यांच्या आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतात अशा साधनांच्या संदर्भात करणे विशेष उद्बोधक ठरते. विकत घेतलेले साधन बिघडले तर विकणाऱ्याच्या नावाने खडे फोडण्याची सोय किमतीतच धरलेली असते. फुकट मिळालेल्या साधनाच्या नावाने खडे फोडायला बसले, तर आतले सगळे उघडे ठेवलेले असताना ते पाहिले का नाही, एवढाच प्रश्न समोर उभा राहतो आणि त्याला उत्तर नसते.

या वर्गातील सर्वांत परिचित साधन म्हणजे कीकॅड. झाँ-पिएर शारास नावाच्या ग्रनोबल येथील अध्यापकांनी ते १९९२ मध्ये सुरू केले आणि पुढे २०१३ पासून जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेने त्याच्या विकासाला हातभार लावला. आपल्याकडे पवईच्या आयआयटीमधील फॉसी प्रकल्पाने याच कीकॅडला एनजीस्पाइसची, म्हणजे सर्किट प्रत्यक्ष न जुळवता त्यातील प्रत्येक बिंदूवर किती व्होल्ट असतील हे गणिताने काढणाऱ्या साधनाची, जोड देऊन ईसिम नावाचे संयुक्त साधन तयार केले. त्यामुळे एकच रेखाचित्र आता दोन स्वतंत्र रीतींनी चुकवता येते, ही प्रगती मान्य केलीच पाहिजे.

बऱ्हाणपूर हे शहर प्रशासनाने मध्य प्रदेशात आणि तापीने, केळीने व बोलण्याच्या ढंगाने बरेचसे खानदेशाकडे झुकलेले असल्यामुळे तेथील पदविकेच्या विद्यार्थ्याला प्रकल्पाचा विषय शोधावा लागत नाही. गावात यंत्रमाग, गावाबाहेर केळीच्या बागा, आणि दोन्हीकडे मोटारी. तेव्हा विषय ठरलेला असतो तो ‘मोटारीचा ऑटो’. वीज आली की विहिरीवरचा पंप आपोआप सुरू करणारी आणि तीनपैकी एक फेज गेला तर मोटार जळण्याआधी ती बंद पाडणारी ही पेटी म्हणजे वस्तुतः शेतकऱ्याच्या रात्रीच्या झोपेचे यंत्र आहे. अणूंचे कण एकमेकांवर आदळवणाऱ्या शास्त्रज्ञांनी जोपासलेले साधन अशा रीतीने केळीच्या बागेत येऊन पोहोचते आणि तेथे त्याची खरी परीक्षा सुरू होते.

पहिला खटका उडतो तो विद्युत् नियम तपासणीत. रेखाचित्र पूर्ण झाल्यावर साधन त्यातील प्रत्येक जोडणी तपासून पाहते आणि हमखास एक तक्रार नोंदवते, जिचा आशय असा की वीज घेणारी पिन येथे आहे, परंतु तिला वीज देणारी पिन कोठेही आढळत नाही. विहिरीवरच्या मोटारीशेजारी बसून ज्याने उन्हाळा काढला आहे त्याला हे वाक्य संगणकातून आलेले नसून वीज मंडळाच्या इतिहासातून आलेले वाटते. तांत्रिक कारण मात्र साधे असते. साधनाच्या दृष्टीने प्रत्येक पिनेला एक वृत्ती असते, काही पिना वीज देतात, काही घेतात आणि काही उदासीन असतात. आणि बाहेरून वीज आत आणणारा जोडणीचा खटका नेमका उदासीन वर्गात मोडतो, त्यामुळे त्याच्यामागे अख्खी डीपी उभी असली तरी साधनाला ती दिसत नाही. यावर उपाय म्हणून पीडब्ल्यूआर फ्लॅग नावाचे चिन्ह त्या तारेवर लावायचे असते. हे चिन्ह बोर्डावर उमटत नाही, बाजारात मिळत नाही आणि एक मिलिव्होल्टही पुरवत नाही; येथे वीज येते अशी लेखी ग्वाही देणे, एवढेच त्याचे कार्य. ग्वाही मिळताच तक्रार मागे घेतली जाते. ग्वाही खरी की खोटी याची चौकशी करण्याचा अधिकार साधनाला नसल्यामुळे पुढे असे होते, की ज्या तारेला खरोखरच वीज जोडायची राहून गेली आहे तिच्यावरही विद्यार्थी फ्लॅग रोवतो, यादीत शून्य चुका दिसतात आणि सर्किटमध्ये शून्य प्रकाश पडतो.

दुसरा प्रकार न जुळलेल्या तारेचा. कीकॅडमध्ये रेखाचित्राची चिन्हे सामान्यतः १.२७ मिलिमीटरच्या अदृश्य जाळीवर बसतात आणि ती जाळी मध्येच बारीक करून एखादे चिन्ह सरकवले, की तार पिनेपर्यंत पोहोचल्यासारखी दिसते पण पोहोचलेली नसते. पिनेच्या टोकाशी एक बारीकसे वर्तुळ तसेच राहते, तोच काय तो पुरावा. एखादी वस्तू न दिसणे हे तिच्या अभावाचे ज्ञान करून देणारे स्वतंत्र प्रमाण आहे, असे भाट्ट मीमांसकांनी मानले आणि त्याला अनुपलब्धी हे नाव दिले. येथे मात्र दिसते ते वर्तुळ आणि कळायला हवा तो संबंधाचा अभाव, म्हणजे मीमांसकांचीही थोडी पंचाईतच. व्यवहारात सांगायचे तर चिन्ह पकडून जरा ओढून पाहावे. तार बरोबर आली तर जोडलेली आहे, मागे राहिली तर नव्हतीच.

जमिनीचा, म्हणजे ग्राउंडचा, प्रश्न याहून गंभीर. ईसिममध्ये गणित सुरू करण्यापूर्वी सर्किटमधील एक बिंदू शून्य व्होल्टचा म्हणून मुक्रर करावा लागतो, कारण व्होल्ट हे नेहमी कशाच्या तरी तुलनेत मोजले जातात. तो ठरवायचा राहिला किंवा एखादा भाग कशालाच न जोडता अधांतरी राहिला, की ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ असा शेरा येतो. अर्थ एवढाच, की मांडलेल्या समीकरणांना एकमेव उत्तर नाही. ‘टाइमस्टेप टू स्मॉल’ हा दुसरा शेरा तेव्हा येतो, जेव्हा एखादा बदल इतका अचानक घडतो की गणक काळाचे तुकडे बारीक करत करत थकतो आणि पुढे जाण्याचे नाकारतो. यावर गणिताची अचूकता थोडी सैल करण्याचा उपाय सर्रास केला जातो. तो बहुधा लागू पडतो आणि बहुधा चुकीच्या कारणाने.

ट्रान्झिस्टरच्या पायांविषयी थोडक्यात आटोपणे बरे, कारण विषय क्लेशदायक आहे. रेखाचित्रातील चिन्ह आणि बोर्डावरील पाऊलखूण, म्हणजे तो भाग जेथे टेकतो त्या छिद्रांची मांडणी, या दोन वेगळ्या वस्तू असून त्यांची गाठ पिनेच्या क्रमांकांनी मारलेली असते. बीसी ५४७ सपाट बाजूने समोर धरला तर त्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात आणि प्लास्टिकच्या पीएन २२२२ चे नेमके उलटे. दुकानदाराने ‘तेच आहे, चालेल’ म्हणून दुसरा हातात ठेवला, की रिले टक् करत नाही आणि दोष कीकॅडच्या माथी जातो.

बोर्डाच्या आरेखनाकडे वळल्यावर बऱ्हाणपूरच्या विद्यार्थ्याला एक असा फायदा मिळतो, जो ग्रनोबललाही नव्हता. शहरात कुंडी भंडारा आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले गेले आणि त्या बोगद्यांवर ठरावीक अंतराने शंभरावर उभ्या कुंड्या उघडण्यात आल्या. आता दोन थरांचा बोर्ड म्हणजे काय, तर वर एक तांब्याचा थर, खाली एक, आणि वरची वाट अडली की खाली उतरण्यासाठी मध्ये पाडलेले, आतून तांब्याने मढवलेले छिद्र, ज्याला व्हाया म्हणतात. व्हाया ही कुंडीच होय. कुंडीत डोकावून पाणी दिसले म्हणून ते पुढच्या कुंडीपर्यंत पोहोचतेच असे नाही, मधल्या बोगद्यात क्षारांचे थर साचलेले असू शकतात. तसेच व्हाया दिसली म्हणून वीज पोहोचते असे नाही, विशेषतः घरी इस्त्री आणि फेरिक क्लोराइड वापरून केलेल्या बोर्डावर, कारण तेथे छिद्र पाडले जाते पण त्याला आतून तांबे कोणी चढवत नाही. पडद्यावर जोडणी पूर्ण, आणि हातात केवळ भोक. यासाठी त्या छिद्रातून तारेचा तुकडा ओवून दोन्ही बाजूंनी डाग द्यावा लागतो, हे कोणत्याही तपासणीच्या यादीत येत नाही.

घरगुती बोर्डाचा शत्रू क्रमांक एक मात्र छपाईचे दुकान हाच. चाळीस पायांच्या आयसीच्या एका रांगेत वीस पाय असतात, शेजारच्या दोन पायांत २.५४ मिलिमीटर अंतर असते, म्हणजे पहिल्यापासून विसाव्यापर्यंत ४८.२६ मिलिमीटर. दुकानातल्या संगणकाने कागदात नीट बसावे म्हणून प्रेमाने चित्र शेकडा ९६ केले, की शेवटचा पाय छिद्रापासून जवळजवळ दोन मिलिमीटर दूर राहतो. इस्त्रीने ठसा उमटवताना वरच्या थराचे चित्र आरशातल्यासारखे उलटे छापावे लागते आणि खालच्याचे सरळ. सावधगिरी म्हणून दोन्ही उलटी छापणाऱ्याला पुढे आयसी पाठीवर निजवून पाय वर करून डाग द्यावे लागतात, आणि बोर्ड चाललाच तर परीक्षक त्याला नवीन तंत्र समजतो.

आता या सर्वांहून धोक्याची गोष्ट. बोर्ड पूर्ण झाल्यावर आरेखन नियम तपासणी होते. तांब्याच्या दोन वाटा एकमेकींच्या फार जवळ आल्या आहेत का, हे ती पाहते. परंतु फार म्हणजे किती, हा आकडा आरेखकाने द्यायचा असतो, आणि दिला नाही तर कीकॅड नव्या प्रकल्पात ०.२ मिलिमीटर धरून चालते. घड्याळाच्या सर्किटला हे ठीक आहे. ‘मोटारीच्या ऑटो’त दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात, शेतावरच्या पेटीत धूळ, दमट हवा आणि पालींचा वावर असतो, तेथे हे अंतर काही मिलिमीटर हवे, आणि जमल्यास मध्ये बोर्ड कापून खाच हवी. तरीही ०.२ मिलिमीटरवर तपासणी शून्य चुका दाखवते, आणि त्यात ती खोटे बोलत नाही: जे सांगितले तेवढेच तिने तपासले. विद्यार्थी हिरवी खूण पाहून निश्चिंत होतो आणि पहिल्या पावसात पाल फेज मोजायला जाते.

एवढे करूनही साधनातच दोष आहे अशी खात्री झाली, तर निर्मात्यांकडे दोषपत्रक धाडण्याची रीत आहे, आणि मुक्त साधनांच्या जगात ती फार कडक आहे. आवृत्ती कोणती, हे कीकॅडच्या माहितीच्या खिडकीतून जसेच्या तसे उतरवावे. दोष पुन्हा घडवून दाखवता येईल असे लहानात लहान रेखाचित्र जोडावे. काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे पायरीपायरीने लिहावे. सवयीचे आरेखक हे पत्रक शेवटपर्यंत क्वचितच लिहितात. पहिल्या पायरीला नवा प्रकल्प उघडला जातो, दुसरीला दोनच भाग ठेवून तीच जोडणी पुन्हा काढली जाते, आणि तिसऱ्या पायरीला ‘येथे तार पिनेला जोडली’ असे लिहिता लिहिता लेखणी थबकते, कारण पिनेच्या टोकाशी ते बारीक वर्तुळ अजून तसेच असते. मसुदा न पाठवता खिडकी बंद केली जाते, आणि बागेतून फोन येतो की वीज आली आहे, ऑटोचे काय झाले.