दोनदा बारा

फ्रान्समधल्या पुष्कळ खेड्यांत चर्चच्या घड्याळाचे टोले दोनदा पडतात. बारा वाजले की बारा टोले, मग मिनिट-दोन मिनिटं शांतता, आणि पुन्हा तेच बारा. शेतात राबणाऱ्याचा आकडा चुकला तर त्याला दुसऱ्यांदा मोजता यावा म्हणून ही सोय, असं सांगतात. सायकलवाल्याला ती सोय वेगळ्या रीतीने कळते. पहिले बारा पडतात तेव्हा बेकरीवाल्या बाई दार ओढून घेत असतात. दुसरे बारा पडतात तेव्हा आपण त्या दारासमोर उभे असतो.

दिजोंहून मोंबारपर्यंत बर्गंडी कालव्याच्या काठाकाठाने सायकलवर जायचं, हा बेत माझ्या साडूंचा. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांनी भाड्याच्या सायकली घेताना सरळ बॅटरीवाल्या घेतल्या. "बॅटरी म्हणजे लबाडी," असं साडूंनी दुकानातच जाहीर केलं आणि त्या जाहीरनाम्यावर मला न विचारता माझीही सही ठोकली. त्यामुळे सगळा प्रवास एकाच क्रमाने झाला. पुढे दोघी बहिणी, चढावरसुद्धा माहेरच्या गप्पा अखंड चालू. मागे आम्ही दोघे, बोलायला श्वास शिल्लक नसलेले.

हा कालवा सेन आणि ऱ्होन या नद्यांची खोरी जोडण्यासाठी खणला. लांबी 242 किलोमीटर, आणि पुरा व्हायला 1832 साल उजाडलं. वाटेत डोंगर असल्यामुळे बोटी चढवण्या-उतरवण्यासाठी 189 लॉक बांधावे लागले. लॉकजवळ राखणदाराचं टुमदार घर, खिडकीत फुलं, भिंतीवर क्रमांकाची पाटी. 'कालव्याचा काठ सपाट असतो' हे वाक्य साडूंनी घरून निघताना निदान दहा जणांना ऐकवलं होतं. पण पाणी जर पायऱ्या चढत असेल तर काठ काय खालीच बसून राहील? प्रत्येक लॉकपाशी वाट एक छोटी उडी घेते. उडी छोटी, पण दिवसभर घेत राहते. दिजोंकडून येताना पाट्यांवरचे आकडे उतरत जातात. साडू ते मोठ्याने वाचायचे, उपवास सोडायच्या वेळेकडे डोळे लावून बसलेल्या माणसाच्या स्वरात.

या वाटेवर पूर्वी घोडे आणि माणसं दोर खांद्यावर घेऊन मालाच्या बोटी ओढत. आता तिथे शांतता चालते. ही शांतता आपल्याला मानवत नाही. एका ठिकाणी कालवा सोडून आम्ही गावाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्याला लागलो, तर बराच वेळ मागे एक मोटार. हॉर्न नाही, शिव्या नाहीत, नुसती मागे. गावाबाहेर सायकलला दीड मीटर अंतर सोडूनच ओलांडायचं असा तिथे कायदा आहे, आणि तेवढी जागा मिळेपर्यंत तो गृहस्थ थांबला होता. साडूंचा मात्र धीर सुटला. ते उतरले, मागे गेले आणि काचेत वाकून विचारलं, "एनी प्रॉब्लेम?" मोटारवाल्यालाही तोच प्रश्न पडलेला दिसला. शेजारच्या कुरणातल्या पांढऱ्याशुभ्र शारोले गाई रवंथ थांबवून बघत राहिल्या.

फ्रान्समध्ये 'सर्वांत सुंदर खेडी' ठरवणारी एक संस्था आहे, 1982 मध्ये निघालेली. खेड्याची वस्ती दोन हजारांच्या आत हवी, संरक्षित अशा किमान दोन वास्तू किंवा जागा हव्यात, असे तिचे नियम. टेकडीचा त्यात उल्लेख नाही, पण आमच्या वाटेवरची झाडून सगळी सुंदर खेडी टेकडीवर. पूर्वीच्या सरदारांना शत्रू लांबून दिसायला हवा होता, एवढंच त्याचं कारण. शत्रू वर येईपर्यंत दमलेला असावा, हा हेतू आमच्या बाबतीत पूर्ण सफल झाला. शातोनफचा मध्ययुगीन किल्ला कालव्यावरून इतका देखणा दिसतो की शहाण्या माणसाने तो तिथूनच बघावा. आम्ही सायकली ढकलत वर पोचलो तेव्हा दोघी बहिणी किल्ला पाहून, कॉफी पिऊन, तिसऱ्या मावशीच्या सुनेपर्यंत आल्या होत्या.

"किती वाजले?" साडूंनी विचारलं.

उत्तर चर्चने दिलं. दोनदा.

इथे थोडं गणित समजून घ्यायला हवं. बाराच्या सुमाराला खेड्यातली दुकानं बंद होतात, कारण दुकानदाराला जेवायचं असतं. त्याच वेळी खाणावळी उघडतात, कारण गावालाही जेवायचं असतं. दीडनंतर गेलात तर खाणावळवाला तुमच्याकडे अपरात्री दार वाजवल्यासारखा बघतो. दोनला त्याची चूल बंद. दुकानं पुन्हा उघडायला तीन, कधी साडेतीन. मधल्या वेळात कोणाला भूक लागत असेल हे त्या देशाला मान्य नाही. त्यातून सोमवार असेल तर बेकरी मुळातच उघडलेली नसते. मी पुण्यात वाढलो. दुपारी एक ते चार या वेळेचा अभिमान बाळगून परदेशात गेलो होतो. तो अभिमान शातोनफच्या चढावर गळून पडला. आपण फक्त झोपेसाठी दुकान बंद करतो. ही माणसं जेवणासाठी बंद करतात आणि त्याबद्दल पाटीवर एक टोमणासुद्धा लिहीत नाहीत.

एका गावात मात्र देव पावला. पंचायतीच्या इमारतीशेजारी पावाचं यंत्र उभं होतं. खेड्यातली बेकरी मिटली की हल्ली असं यंत्र बसवतात. नाणी टाका, बगेत बाहेर. साडूंकडे दहा युरोची नोट होती. यंत्राला सुटे हवे होते. साडूंनी नोट चारी बाजूंनी दाखवून पाहिली, दोनदा विनवलंही. शेवटी ताईंच्या, म्हणजे साडूंच्या बायकोच्या, पर्समधून नाणी निघाली. "पाहिलंत?" त्या म्हणाल्या, "बॅटरी आणि सुटे पैसे माणसाजवळ असावेत."

पूयीजवळ कालवा चढाला कंटाळतो आणि डोंगराच्या पोटात शिरतो. बोगदा 3,333 मीटरचा, आणि आत चालायला वाट नाही. म्हणजे बोट आतून आणि घोडा वरून. आम्हीही घोड्याच्या मार्गाने गेलो. वर झाडांच्या रांगा आहेत, अधूनमधून बोगद्याची हवेची धुराडी, आणि खालून कुठेतरी पाणी जातंय ही सुखद जाणीव. त्यापुढे उतार लागतो. उताराबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं, तो संपतो एवढंच.

आलीझ-सँत-रेनच्या टेकडीवर व्हर्सिंजेटोरिक्सचा पुतळा आहे. इसवी सनपूर्व 52 मध्ये हा गॉल सरदार आलेसियाला सीझरच्या वेढ्यात सापडला, ती टेकडी हीच. सीझरने हल्ल्यात माणसं घालवली नाहीत. डोंगराभोवती खंदक आणि तटबंदी घातली, बाहेरून येणाऱ्या मदतीसाठी आणखी एक घातली, आणि आतलं धान्य संपायची वाट बघत बसला. सुमारे सात मीटर उंचीचा पुतळा 1865 चा, तिसऱ्या नेपोलियनने करवून घेतलेला. चेहरा नेपोलियनशीच मिळताजुळता, असं म्हणतात. खर्च करणाऱ्याचा तेवढा हक्क असणारच. मिशा भरघोस, नजर दूर. साडू त्या नजरेच्या दिशेने बराच वेळ बघत राहिले.

"कुठे बघतोय हो हा?"

"बेकरी उघडली का ते," मी म्हटलं.

तो शरण गेला याबद्दल इतिहासकार बरंच लिहितात. पोटात काही नसताना त्या टेकडीवर सायकल ढकलत गेलेल्या माणसाला त्यात चर्चेचा विषय दिसत नाही.

समोरच्या टेकडीवर फ्लाविन्यी. 'शॉकोला' हा सिनेमा तिथे चित्रित झाला, त्यामुळे लोक चॉकलेटच्या आशेने चढतात. गावाची खरी ख्याती मात्र बडीशेपेच्या गोळ्यांची. जुन्या मठाच्या इमारतीत बडीशेपेसारख्या ॲनिसच्या दाण्यावर साखरेच्या पाकाची पुटं चढवत जातात, फिरत्या कढयांत, जवळजवळ पंधरा दिवस. शेवटी वाटाण्याएवढी पांढरी, गुळगुळीत गोळी होते. गुलाब, व्हायोलेट, संत्र्याची फुलं असे तिचे स्वाद. डबीवर मेंढपाळ आणि त्याची प्रेयसी. मी एक गोळी तोंडात टाकली आणि सरळ लहानपणी जेवणानंतर हातावर पडणाऱ्या रंगीत बडीशेपेपाशी पोचलो. फरक इतकाच, की आपल्याकडे ती जेवणानंतर देतात. आम्ही ती जेवणाऐवजी खाल्ली.

पायथ्याच्या गावात दुकान उघडं सापडलं, तेव्हा भुकेचा सूड घ्यायचा साडूंचा निश्चय झाला होता. काउंटरवर जाऊन ते म्हणाले, "चीज." बाई म्हणाल्या, "बोंजूर, मस्य." साडू म्हणाले, "चीज, चीज." बाई म्हणाल्या, "बोंजूर." हे असं बराच वेळ चाललं. शेवटी ताईंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं, साडूंच्या तोंडून 'बोंजूर' निघालं, आणि त्या क्षणी बाईंनी लाकडी डबीतलं एप्वास पुढे केलं.

एप्वास हे तिथलं अभिमानाचं चीज. द्राक्षाच्या चोथ्यापासून काढलेल्या मद्याने त्याची साल पुन्हापुन्हा धुतात. त्यामुळे रंग नारिंगी येतो आणि वास असा, की डबी बंद असली तरी ती कुठल्या पिशवीत आहे हे विचारावं लागत नाही. त्यात तो दिवस उन्हाचा. मोंबारला पोचेपर्यंत बहिणी आमच्यापुढे नेहमीपेक्षा दुप्पट अंतर राखून होत्या.

परतीच्या लोकल गाडीत सायकली टांगल्या आणि बसलो. साडूंनी पिशवी पायाशी दडवली. डबा हळूहळू भरून गेला, माणसांनी नव्हे. समोरच्या आजीबाईंनी नाक वर केलं, मग पुस्तक मिटलं. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. आजीबाई उठून चक्क आमच्या शेजारी येऊन बसल्या, "बोंजूर" म्हणाल्या आणि हात पुढे केला. साडूंनी मुकाट्याने डबी दिली. आजीबाईंनी झाकण उघडून चीजचं पोट अंगठ्याने हलकेच दाबलं, डोळे मिटून वास घेतला आणि ताईंना फ्रेंचमध्ये काहीतरी समजावून सांगितलं. मग डबी परत करून जागेवर गेल्या.

"काय म्हणाल्या?" साडूंनी विचारलं.

"कच्चं आहे म्हणाल्या," ताई म्हणाल्या. "अजून आठवडाभर थांबा."