वाढीवराव

वालूर हे परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं गाव. इथली चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव गावकऱ्यांनी गाळ उपसून मोकळी केली आणि तिचं चित्र टपाल खात्याच्या पोस्टकार्डावर झळकलं. शेकडो वर्षांत त्या बारवेला परस्पर एक पायरी कुणी वाढवली नाही. वालुरात काय किंवा मराठवाड्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, घरामागचं परस मात्र दर उन्हाळ्यात दोन हात पुढं सरकतं. ते सरकवणाऱ्या गृहस्थांना आपण वाढीवराव म्हणू.

वाढीवराव कधीच बांधकाम करत नाहीत. ते फक्त ‘सोय’ करतात. आधी म्हशीसाठी चार बल्ल्या आणि वर हिरवी जाळी. पावसाळा तोंडावर आला की जाळीच्या जागी पत्रे. थंडीत वारं लागतं म्हणून कमरेएवढी वीट. मग वीट छातीला लागते, पत्र्याला टेकते, आणि एके दिवशी रस्त्याच्या बाजूनं शटर बसतं. म्हैस केव्हाच विकलेली असते.

ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे गावात इमारत बांधायला पंचायतीची पूर्वपरवानगी लागते, आणि कलम ५३ सार्वजनिक रस्त्यावरचं व मोकळ्या जागेवरचं अतिक्रमण काढायचा अधिकार देतं. ही दोन्ही कलमं वाढीवरावांना ग्रामसेवकापेक्षा चांगली पाठ असतात. (ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं, वाढीवराव अजून ‘भाऊसाहेब’च म्हणतात, कारण त्यात चहा पाजायला सोपं जातं.) “इमारत कुठंय भाऊसाहेब? सावली हाय नुसती.”

हीच सावली नोटीस आली की वाडवडिलांचं घर होते. वाढीवराव नमुना नंबर ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढतात. ती नोंद कर आकारण्यापुरती असते, तिनं मालकी सिद्ध होत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं की ते शांतपणे विचारतात, “मग पैसे कशाचे घेतले?” या प्रश्नाला पंचायतीत आजवर कुणाला धड उत्तर देता आलेलं नाही आणि, खरं सांगायचं तर, प्रश्न अगदीच चुकीचा नाही.

२४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. गावठाणातल्या घरांच्या हद्दी चुन्यानं आखायच्या, वरून ड्रोन फिरवायचं आणि मिळकत पत्रिका द्यायची. वाढीवरावांना ही योजना मनापासून आवडली. आखणीला ते सगळ्यांच्या आधी हजर, चुन्याचं घमेलंही स्वतःच्याच हातात. रेघ नालीला वळसा घालून पलीकडं गेली तेव्हा शेजारी ओरडला. वाढीवराव म्हणाले, “वरून काय दिसतंय ते ड्रोन बघन ना!”

इथवर सगळं ठीक चालतं. गोत्यात आणते ती निवडणूक.

सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा ग्रामपंचायत अधिनियमाच्याच कलम १४ (१) (ज-३) नुसार पंचायतीचा सदस्य राहू शकत नाही. वाढीवरावांनी त्यावरही सोय काढली होती: शेड स्वतःचं, उमेदवारी सूनबाईची. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता ज्यानं अतिक्रमण केलं त्याच्यापुरतीच मानली, तेव्हा त्यांनी पेढेसुद्धा वाटले. पण सप्टेंबर २०१८ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ चुकीचा ठरवला. घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणाचा जो लाभ घेतो, त्याचंही सदस्यपद जातं.

एरवी दहा वर्षं कुणाच्या डोळ्यांत न खुपलेलं शेड मग निवडणुकीच्या निकालानंतर आठवडाभरात फोटोसह जिल्हाधिकाऱ्यांपुढं पोचतं. तारखा पडतात, पंचनामा होतो, टेप लागतो. सूनबाईंची खुर्ची जाते, शेड जागच्या जागी राहतं. तक्रार करणाऱ्याच्या परसाला टेप अजून कुणी लावलेला नाही.