गृहपाठ कुणाला?

केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास. मुरूड-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत हे आपोआपच पाळलं जातं. गृहपाठ द्यायला गुरुजींना सवड नको का? शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबात साठ मुलांपर्यंत शिक्षक दोन, इयत्ता मात्र पाच. सोमवारी एक प्रशिक्षणाला, दुसऱ्या बाई यू-डायसची माहिती भरायला. मग पोषण आहाराच्या नोंदी, मतदार यादी, वृक्षारोपणाचा फोटो (रोप गेल्या वर्षीचंच, जगलंय हे कौतुक). शुक्रवारी ‘अतितात्काळ’ माहिती, आणि रेंज फक्त टेकाडावर. शनिवार 2024 पासून शासन निर्णयानेच आनंददायी. आनंदाचे फोटो गटावर चढेपर्यंत बाईंचा चेहरा तेवढा पाहू नये.

तिकडे कोळीवाड्यातली चौथीची पोर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगते. अपूर्णांकाचा गुणाकार, तोही तोंडी! पण ॲपमध्ये त्याला रकाना नाही, म्हणून ती गणितात ‘अप्रगत’.

साहेब, आठवड्याला दोन तासांची ती मर्यादा एकदा गुरुजींच्या गृहपाठालाही लावून पाहा.