राजश्री ‘लास्ट किती’ यांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री ‘लास्ट किती’ यांसी,

सेवानिवृत्त अव्वल कारकून, मुक्काम सातारा, यांचा नमस्कार. विनंती विशेष.

आपले नाव-गाव मला ठाऊक नाही, म्हणून आपण स्वहस्ते लिहिलेल्या दोन शब्दांनाच आपले नाव मानून हे पत्र लिहीत आहे. ज्या दिवशी माझ्या वॅगन आर गाडीची जाहिरात प्रसिद्ध झाली, त्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, मी मोरीपाशी दात घाशीत उभा असता, आपला निरोप माझ्या मोबाइलवर येऊन थडकला. त्यात नमस्कार नव्हता, गाडी कोणत्या सालची, किती चालली, कोणी चालवली, याची लवमात्र पृच्छा नव्हती, अवघे ‘लास्ट किती’ एवढेच होते, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह घालण्याचा खर्चही आपण काटकसरीने वाचवला होता. त्यानंतरच्या नऊ दिवसांत आपल्या गोत्रातील आणखी बावीस सज्जनांनी मला हाच मंत्र ऐकवला. तेव्हा एकेकास निरनिराळे उत्तर देत बसण्यापेक्षा सर्वांस मिळून एकदाच जाहीर उत्तर द्यावे, अशी तजवीज केली आहे.

आपण प्रश्न विचारलात तोही नेमका अशा माणसाला, की ज्याची एकतीस वर्षांची नोकरी याच प्रश्नाचे उत्तर लिहिण्यात खर्ची पडली. तहसील कचेरीतील माझ्या मेजावरून वाळूचे घाट, सरकारी जागेतील चिंचेची झाडे आणि गवताची कुरणे यांच्या लिलावांचे कागद सरकत असत. आणि लिलाव पुकारण्यापूर्वी ‘हातची किंमत’ मुक्रर करावी लागे, म्हणजे ज्या आकड्याखाली बोली थांबली तर माल कोणाच्याही पदरात घालायचा नाही असा आकडा. त्यासाठी तलाठ्याचा अहवाल येई, मंडल अधिकाऱ्याची शिफारस येई, मागल्या सालांचे उत्पन्न पाहिले जाई, आणि त्या सर्वांवर मखलाशी करून मी जो आकडा वर पाठवी तो साहेबांच्या सहीनिशी खाली येई. मात्र सरकारची हातची किंमत चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवण्याची असते, कारण लिलावातील बोली तिथून वर चढते. खासगी विक्रेत्याची किंमत पाकिटात बंद असते, कारण त्याच्या दारातील बोली वरून खाली घसरते. आपण ‘लास्ट किती’ म्हणता तेव्हा आपली खरी मागणी, मी पाकीट फोडून आतला कागद आपल्या हाती द्यावा आणि मग तिथून खाली घासाघीस करण्याची परवानगीही द्यावी, अशी असते. इतकी निरागस दरखास्त माझ्या मेजावर एकतीस वर्षांत आली नव्हती.

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलांचा बाजार भरतो. तेथला हेड्या, म्हणजे बैलांचा दलाल, हा काही धर्मात्मा नव्हे. रुमालाखाली बोटे दाबून सौदा करण्यात त्याची हयात जाते. परंतु तोसुद्धा बैलाचे ओठ वर करून तो दुसा आहे, चौसा आहे की जुळला आहे हे पाहिल्याखेरीज रुमालाखाली हात घालीत नाही. आपण दात न पाहता, बैल न पाहता, किंबहुना यात्रेला न येता, घरबसल्या थेट रुमालच मागता.

असो. पाकीट फोडणार नाही, पण आतला आकडा कसा निपजला याची कैफियत मोकळेपणाने देतो. पारदर्शक कारभाराचे दिवस आहेत.

गाडी २०१३ सालची, सातारा पासिंग, पेट्रोलवर चालणारी, अडुसष्ट हजार किलोमीटर झालेली. पहिल्या दिवशी मी जो आकडा काढला तो सांगायला लाज वाटते. मूळ किमतीपासून आरंभ केला, वर्षागणिक थोडी झीज वजा केली, आणि मग दोन वर्षांपूर्वी घातलेले चार टायर, गेल्या पावसाळ्यात बदललेली बॅटरी, सीटकव्हरे, मुलीच्या हट्टाखातर बसवलेला टेप, खंबाटकीच्या घाटात एकदाही न तापल्याबद्दल गाडीला बक्षिसादाखल काहीतरी, आणि कासच्या रस्त्यावर आमच्या नातीने उच्चारलेल्या पहिल्या शब्दाचे मनातल्या मनात धरलेले मूल्य, अशी सर्व रक्कम जमेस धरली. बेरीज जवळजवळ नव्या गाडीपर्यंत पोहोचली. तो कागद मी सौ.पुढे ठेवला. तिने चष्मा लावला, वाचला आणि विचारले, “चिंचेला लोकांनी घातलेलं पाणी तुम्ही लिलावात कधी धरत होता का?” मी कागद फाडला.

दुसरा आधार विम्याचा घेतला. विमा उतरवताना गाडीचे जे मोल लिहितात त्याचे कोष्टक पहिल्या पाच वर्षांपुरते ठरलेले असते; सहा महिन्यांच्या आत पाच टक्के घट, मग पंधरा, वीस, तीस, चाळीस, आणि पाचवे वर्ष भरेपर्यंत निम्मे मोल गेले. पाच वर्षांनंतर मात्र कोष्टक मौन धारण करते आणि मालक व विमा कंपनी यांनी परस्परसंमतीने आकडा ठरवावा असा शेरा येतो. तेव्हा माझ्या विमापत्रावरचा आकडा हा माझी आणि विमा एजंटाची हप्ता भरण्याच्या दिवशी जमलेली मैत्री दर्शवतो, याहून त्यास अधिक अर्थ नाही. शिवाय आपण आल्यावर ‘नो क्लेम बोनस’ही मागाल, तो गाडीचा नसून मालकाचा असतो आणि माझ्याबरोबर माझ्या पुढल्या गाडीत जाणार आहे, हे आताच नमूद करतो.

येथे थोडे विषयांतर होईल, पण राहवत नाही. आमच्या तीर्थरूपांच्या काळी फियाटचे नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत, आणि ज्याच्या हाती ती पडे तो थोड्या वर्षांनी तीच वापरलेली गाडी मूळ किमतीहून अधिक मोलाला विके. त्या काळात विक्रेत्याला ‘लास्ट किती’ विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. विक्रेताच खरेदीदाराची चौकशी करी, तो कुठे नोकरीला आहे, गाडी नीट ठेवील ना. आज काळ उलटला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या, आणि नव्याची किंमत खाली सरकली की जुनीच्या पायाखालची वीटही सरकते, हा अनुभव माझ्या दारातील गाडीने जागच्या जागी उभी राहून घेतला. भरीस भर म्हणजे नोंदणीची पंधरा वर्षे २०२८ मध्ये भरतील. त्यानंतर तपासणी, नूतनीकरण, पर्यावरण कर असे सोपस्कार आहेत, आणि ते आपण माझ्याच खाती मांडणार, हे मी जाणून आहे. या तोट्याबद्दल आयकरात सवलत मिळेल का, असे मी एका सनदी लेखापालांना विचारले; स्वतःच्या वापरातील गाडीचा नफाही तेथे धरत नाहीत आणि तोटाही नाही, असे त्यांनी सांगितले व चहा मागवला.

खरा पाया मिळाला तो जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे. हे गृहस्थ गाडीभोवती चार मिनिटे फिरले, बॉनेट उघडून इंजिन चालू असताना तेलाचे झाकण काढून धूर येतो का ते पाहिले, मग दाराच्या चौकटीचे काळे रबर बोटाने एक वीतभर ओढून खाली पत्र्यावरचे वेल्डिंगचे ठिपके निरखले. “कंपनीचे आहेत,” म्हणाले, “मार खाल्लेली नाही.” तेरा वर्षांत ते रबर उपटून आत पाहण्याचे मला कधी सुचले नव्हते, आणि ते परत जागच्या जागी दाबून बसवताना त्यांनी जी हळुवारता दाखवली ती पाहून किंमतही तशीच हळुवार सांगतील असा माझा समज झाला. त्यांनी एक लाख पंचावन्न हजार सांगितले: रोकडा, आजच, कागदपत्रांची जबाबदारी त्यांची. मी घरी आलो तेव्हा मला दुःख झाले होते, पण जोतेही सापडले होते. त्याहून कमी आपल्याकडून घेणे म्हणजे व्यापाऱ्याने घरी आणून द्यायचे पैसे स्वतःच्या हाताने आपल्या खिशात घालणे.

आता जोत्यावर किती चढवायचे हा प्रश्न उरतो, आणि येथेच आपले दोन शब्द अपुरे पडतात. व्यापाऱ्याला गाडी दिली की ती त्याची डोकेदुखी. आपल्याला दिली आणि आपण ती नावावर चढवली नाही, तर माझी हयात संपेपर्यंत ती माझी. कायद्यात म्हटले आहे की त्याच राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका निकालात स्पष्ट केले की, गाडी हातोहात कितीही जणांकडे गेली तरी नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे आपण कराडच्या पुढे कोणा गरिबाच्या सायकलीला धक्का द्यायचा आणि नोटीस माझ्या दारावर डकवली जायची. माझ्या कचेरीतल्या एका जुन्या सहकाऱ्याने आपली गाडी ओळखीतल्या माणसाला कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून दिली होती. तीन वर्षे त्याला दंडाच्या पावत्या येत होत्या, सीटबेल्टच्या, सिग्नलच्या, आणि एकदा तर अशा गावच्या की जिथे तो जन्मात गेला नव्हता. दहा हजार जास्त मिळाले म्हणून त्याने तो सौदा पत्करला होता.

म्हणून माझ्या पाकिटात आकडा एकच आहे, पण त्याखाली शेरा आहे. जो माझ्यासह आरटीओच्या कचेरीत येईल, फॉर्मांवर माझ्यासमक्ष सही करील, विमा आपल्या नावे करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात टाकील, आणि ज्याच्या वागणुकीवरून तो हे करील असे वाटेल, त्याला तो आकडा. जो म्हणेल, “काका, नावावर करायचं नंतर बघू, माझा एजंट आहे,” त्याला त्यावर दहा हजार, आणि जो हसत हसत म्हणेल, “अहो विश्वास नाही का?”, त्याला पंधरा. माझी हातची किंमत गाडीगणिक ठरत नाही, माणसागणिक ठरते, आणि आपण माणूस कसे आहात हे मला ‘लास्ट किती’ या अक्षरांवरून कळण्याचा काही मार्ग नाही. आपण ‘नमस्कार काका’ एवढे दोन शब्द आधी टाकले असते तर कदाचित पाच हजार तिथेच वाचले असते.

आपल्या बाजूनेही एक शब्द सांगतो, नाहीतर हा एकतर्फी निकाल होईल. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता, आणि २००१ मध्ये त्याला ज्या कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले त्यात हा निबंध अग्रस्थानी होता. त्याचे म्हणणे असे की, गाडीत काय खोट आहे हे विकणाऱ्यालाच ठाऊक असल्याने घेणारा प्रत्येक गाडी खोटीच समजून भाव करतो, त्या भावाला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि हळूहळू बाजारात खोट्याच गाड्या उरतात. अमेरिकेत अशा फसव्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. आमच्या वॅगन आरच्या पुढल्या बंपरला दर शनिवारी एक लिंबू आणि सात मिरच्या लटकत असतात. व्यापारी महाशयांनी त्याकडे पाहून मिशीत हसू दाबले होते, ते का, हे मला हा सिद्धांत कळल्यावर उमगले. तेव्हा आपला संशय शास्त्रशुद्ध आहे, एवढे मान्य.

सबब आपणास कळवण्यात येते की, गाडी पाहण्यास रविवारी सकाळी नऊ ते अकरा यावे, सोबत वाटेल तो मिस्त्री आणावा, रबर ओढून पाहावे, फक्त परत नीट बसवावे. जाहिरातीतला भाव दोन लाख दहा हजार आहे. त्यात बसून कमी-जास्त होईल, पण बसल्याशिवाय नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
पाकीटधारक

ता. क. हे पत्र लिहून होते न होते तोच आपला दुसरा निरोप आला: ‘बोला ना’. मोबाइल त्या वेळी सौ.च्या हाती होता. तिने माझ्या एकतीस वर्षांच्या अनुभवाचा सल्ला न घेता परस्पर ‘एक ब्याण्णव, नाव आधी’ असे लिहून पाठवले, आणि आपण लगेच ‘येतो रविवारी काकू’ असे कळवलेत. व्यवहार ठरला तर माझी काही हरकत नाही, कारण पाकिटातल्या आकड्याहून हे सात हजारांनी जास्तच आहे. मागील वाक्य आपण वाचले नाही असे समजावे. ते छापायला देण्यापूर्वी खोडायचे राहिले आहे.