परवडणारी ई-स्कूटर महाग कशी करावी: नवशिक्यांसाठी

साहित्य: लाख-सव्वा लाखाची एक इलेक्ट्रिक स्कूटर, एक पेन आणि शोरूममधला एक हसरा तरुण, जो पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला ‘काका’ म्हणेल. तुम्ही तिशीतले असलात तरी मनाला लावून घेऊ नका. ॲक्सेसरीज काकांनाच खपतात.

पहिली पायरी. घरून निघण्यापूर्वी एक हिशेब मांडा. पेट्रोल लिटरला शंभराच्या पुढे, स्कूटर देते पंचेचाळीस. म्हणजे किलोमीटरला सव्वादोन रुपये. ई-स्कूटर एका युनिटमध्ये तीसेक किलोमीटर जाते. युनिट दहा रुपये धरले तरी खर्च तीस-पस्तीस पैसे. सोपे म्हणून बचत दोन रुपये धरू. आता रुपये विसरा आणि प्रत्येक वस्तूचा भाव किलोमीटरमध्ये विचारा. हजार रुपये म्हणजे पाचशे किलोमीटर. रोज वीस किलोमीटर ये-जा असेल तर पंचवीस दिवस ऑफिसला जायचे, तेव्हा त्या वस्तूचे पैसे सुटतात. हे गणित शोरूममध्ये मोठ्याने करू नये. चहा येतो, पण बिस्किटे येत नाहीत.

दुसरी पायरी. मॅट, सीट कव्हर, टेफ्लॉन कोटिंग, क्रॅश गार्ड. क्रॅश गार्ड घ्या, कारण सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारी गाडी लावत नाही, टेकवतो. बाकीचे बाहेर कुठेही मिळते. फायबरच्या पॅनेलवर कोणी गंजरोधक थर सुचवला, तर त्या कल्पकतेला दाद देऊन पुढे सरका.

तिसरी पायरी जरा सावकाश चढा, कारण खरी गंमत इथे आहे. कंपन्या गाडीसोबत वरचे पैसे घेऊन जे पॅक विकतात, त्यातली बरीचशी करामत सॉफ्टवेअरची असते. जे यंत्र गाडीत आधीच बसलेले असते, त्याचे कुलूप पैसे भरल्यावर उघडते. चेतक अर्बेनचेच बघा. ती बाजारात आली तेव्हा साधी गाडी ताशी ६३ किलोमीटर पळे आणि आठेक हजारांचा टेकपॅक घेतला की ७३. वर चढावर गाडी मागे घसरू न देणारा हिल होल्ड वगैरे. आठ हजार म्हणजे आपल्या मापात चार हजार किलोमीटर. वाढीव दहाच्या वेगासाठी दोनशे दिवस ऑफिसला जायचे! शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ६३चे ७३ केले की तो तिसऱ्या हिश्श्याहून जास्त चढतो. म्हणजे रेंज कमी करून घेण्याचेही पैसे आपणच भरायचे. आणि संध्याकाळी सात वाजता पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर ७३ने जाऊन दाखवणारा मला अजून भेटायचा आहे.

हिल होल्डची मात्र टिंगल नको. तळघरातल्या पार्किंगचा रॅम्प उभा असेल, मागे पोरगं आणि पुढे भाजीची पिशवी असेल, तर त्या एका गोष्टीसाठी मी पैसे मोजेन. पण ती सुटी मिळत नाही. थाळीच घ्यावी लागते, आणि थाळीत गाणी बदलायचे बटणही वाढलेले असते.

गाडीपासून गोष्टी अशा वेगळ्या काढून विकण्यामागे थोडा इतिहास आहे. इलेक्ट्रिक गाड्यांसाठीच्या सरकारी फेम-२ योजनेत दीड लाखावरच्या कारखाना-किमतीच्या दुचाकीला अनुदान नव्हते. मग काही कंपन्यांनी चार्जर आणि सॉफ्टवेअर वेगळे काढून किंमत मर्यादेत बसवली. सरकारच्या ते लक्षात आले आणि २०२३च्या मे महिन्यात ओला, एथर, टीव्हीएस आणि हीरो यांना ग्राहकांकडून घेतलेले चार्जरचे पैसे परत करायचे कबूल करावे लागले. लगोलग १ जूनपासून अनुदान बॅटरीच्या दर किलोवॉट-तासाला १५ हजारांवरून १० हजारांवर आले आणि त्याची कमाल मर्यादा किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर. तेव्हा जाहिरातीतली किंमत बघून खूश होण्याआधी ‘यात चार्जर धरलाय का?’ एवढे विचाराच. जुन्या चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, पण किक मारायचे वेगळे पैसे पडत नसत.

चौथी पायरी. विमा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि इलेक्ट्रिक असेल तर त्याच्या हप्त्यात १५ टक्के सूट आहे. तो शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती मात्र कुठेही नाही. हे म्हटल्यावर हसरा तरुण मॅनेजरना बोलावतो. मॅनेजर तुम्हाला ‘सर’ म्हणतात. ही बढती समजा.

पाचवी पायरी. बॅटरीची वाढीव हमी. आपले किलोमीटरचे माप इथे तोकडे पडते, कारण गाडीतली सगळ्यात महाग वस्तू बॅटरीच. मला विचाराल तर सगळ्या यादीत डोळे मिटून घ्यावी अशी हीच एक गोष्ट, फक्त सही करताना डोळे उघडा. वर्षांपेक्षा टक्क्यांची ओळ शोधा. एथरच्या आठ वर्षे किंवा ८० हजार किलोमीटरच्या हमीत बॅटरीची क्षमता ७० टक्क्यांखाली जाणार नाही, असे आश्वासन आहे. असा आकडाच नसेल, तर अर्धमेली बॅटरीही कागदोपत्री ठणठणीत ठरू शकते.

शेवटची पायरी. ऑन-रोड किमतीचा कागद हातात आला की खालून वर वाचा. ‘हँडलिंग चार्जेस’पाशी थांबून कोणी काय हाताळले ते विचारा. आणि ॲक्सेसरीजमध्ये हेल्मेटचे पैसे लावलेले दिसले, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८वा नियम काढा. दुचाकी घेताना आयएसआय मानकाचे हेल्मेट कंपनीनेच पुरवायचे, असे त्यात लिहिले आहे. ‘काका, ते स्टॉकमध्ये नाही,’ असे उत्तर आले, तर खुर्ची नीट ओढून घ्या आणि बिस्किटे मागवा.