शेतकरी आठवडे बाजारात काय शोधावे: सुजाण नागरिकांसाठी मार्गदर्शिका

सदर मार्गदर्शिका शहरात राहणाऱ्या, आठवड्यातून एकदा 'थेट शेतकऱ्याकडून' भाजी घेणाऱ्या आणि उरलेले सहा दिवस त्याविषयी बोलणाऱ्या नागरिकांसाठी आहे. मंडईत जाणाऱ्यांना ती लागू नाही. त्यांना भाजी कळते.

पार्श्वभूमी

१९६३ च्या पणन कायद्याने शेतमालाला बाजार समितीची वाट घालून दिली. त्या वाटेवर आडत, हमाली आणि तोलाई अशी तीन ठाणी होती आणि माल गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंत त्याचा भाव बराच प्रवास करी. शेतकरी मात्र जिथल्या तिथे राही. २०१६ साली राज्य सरकारने फळे आणि भाज्या नियमनमुक्त केल्या. त्याच वर्षी पणन मंडळाच्या पुढाकाराने संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचे अभियान सुरू झाले. मुंबईत खुद्द विधानभवनाच्या आवारात असा बाजार भरला. तिथल्या घोडेबाजाराविषयी जनता ऐकून होती; भाजीबाजार मात्र नवा होता आणि त्यात भाव उघड सांगितले जात होते.

सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता महाराज पंढरपूर जवळ असूनही मळा सोडून गेले नाहीत. विठ्ठल त्यांना भाजीच्या वाफ्यातच भेटला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आपल्या अपेक्षा इतक्या मोठ्या नाहीत. मेथीवर चार काड्या कोथिंबीर फुकट मिळाली तरी आपल्याला दर्शन घडल्यासारखे वाटते.

कलम १ : पूर्वतयारी

पिशव्या तीन घ्याव्यात. एक पालेभाजीची, एक कांदे-बटाट्यांची आणि एक टोमॅटोची. तिन्हींचे काम एकाच पिशवीवर भागवणाऱ्यास घरी पोहोचल्यावर सार तयार मिळते. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. त्यामुळे पर्यावरणावर बोलत बोलत आलेल्या गृहस्थाने 'एक पातळ पिशवी असेल तर द्या की' हे वाक्य आवाज उतरवून म्हणावे.

सुट्टे पैसे न्यावेत. मोबाइलवरून पैसे देता येतात हे खरे, पण रेंज आणि शेतकरी यांचे फारसे जमत नाही. दहा रुपयांच्या कढीपत्त्यासाठी पाचशेची नोट पुढे करणे हा दखलपात्र गुन्हा समजावा.

यादी करू नये. यादी घरात बसून, गेल्या आठवड्याच्या आठवणीवर तयार होते. बाजार पावसापाण्यावर भरतो. ज्याच्या यादीत बारा महिने फ्लॉवर, मटार आणि ढोबळी मिरची असते, त्याने आठवडे बाजाराची पायपीट न करता थेट मॉल गाठावा. तिथे पंखा असतो.

कलम २ : शेतकरी शोधणे

शेतकरी बाजारात सर्वप्रथम शेतकरी शोधावा. हे वाटते तितके सोपे नाही. पुष्कळ नागरिक धोतर, पागोटे आणि सुरकुत्या शोधत फिरतात आणि जीन्स घातलेल्या कृषी पदवीधर मुलाला 'मालक कुठे आहेत?' असे विचारतात. मालक तोच असतो. कधी तो एकटा नसून गावातल्या गटाचा किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचा सभासद असतो आणि या आठवड्यात गाळ्यावर बसायची पाळी त्याची असते. तेव्हा 'हे सगळं तुमच्याच शेतातलं का?' या प्रश्नावर तो 'शेजारच्यांचंही आहे' असे म्हणाला, तर त्याला रंगेहाथ पकडल्याचा आनंद मानू नये. तो खरे बोलत असतो.

पोशाख सोडून माल पाहावा. एका कुटुंबाच्या वावरात एका वेळी तीन-चार पिके निघतात. ज्या गाळ्यावर मेथी, कोथिंबीर, वांगी आणि थोडी भेंडी एवढेच आहे, तिथे शेतकरी असण्याचा संभव जास्त. ज्या गाळ्यावर याच्या जोडीला सफरचंद, किवी आणि आग्र्याचा बटाटा आहे, त्याचे शेत बहुधा मार्केट यार्डात असते.

शंका फिटली नाही तर एकच प्रश्न विचारावा: 'औंदा पाऊस कसा?' व्यापारी म्हणेल, 'बरा आहे.' शेतकरी खाली ठेवलेली पाटी सरळ करील आणि मृगापासून सुरुवात करील. त्याचे बोलणे संपेपर्यंत थांबावे. निम्म्यातून निघून गेल्यास तो आपल्यालाही व्यापारी समजतो.

कलम ३ : हंगाम शोधणे

शेतकऱ्यानंतर शोधण्याची वस्तू म्हणजे हंगाम. सुपरमार्केटात तो मिळत नाही, कारण तिथे वर्षभर एकच महिना चालू असतो.

पावसाळ्याच्या तोंडाशी बाजाराच्या अधिकृत गाळ्यांकडे पाठ फिरवून फाटकाबाहेर पाहावे. तिथे डोंगरातून आलेल्या बायका जमिनीवर फडके अंथरून बसलेल्या असतात. त्यांच्यापुढे टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली आणि शेवळे यांचे वाटे लावलेले असतात. या भाज्या सहसा कोणी पेरत नाही, म्हणून त्यांना अनुदान नाही. शेवळे घेताना सोबत काकडाची फळेही मागून घ्यावीत. त्याशिवाय भाजी केल्यास घसा असा खाजतो, की रानभाज्यांच्या महत्त्वावर बोलायचे म्हटले तरी बोलता येत नाही. करटोलीचा भाव ऐकून 'रानात तर फुकट उगवतात!' असे म्हणणाऱ्याला रान सर्वांना खुले आहे, हे नम्रपणे सांगावे.

हिवाळा हा आठवडे बाजाराचा खरा सण. पावटा, वालपापडी, ओला हरभरा, तुरीच्या शेंगा, गाजर, बोरे आणि ऊस अशी भोगीच्या भाजीची सामग्री जानेवारीत एकाच फेरीत गोळा होते. चाकवत, चुका, करडई, घोळ आणि अंबाडी यांच्यात गोंधळ होत असल्यास लाजू नये, विक्रेतीला विचारावे. ती नाव सांगेल, कृती सांगेल, लसूण किती घालायचा तेही सांगेल आणि जुडीचे पैसे फक्त जुडीचेच घेईल. याच दिवसांत ज्वारीचा हुरडा येतो. तो शेतावर, आगटीपाशी बसून खायचा असतो. बाजारात मिळतो तो त्याचा पत्रव्यवहार.

उन्हाळ्यात कांदा घ्यावा आणि वर्षभर शहाणे म्हणून मिरवावे. खरिपाचा पोळ कांदा आणि त्यामागून येणारा रांगडा फार दिवस टिकत नाहीत. एप्रिल-मे मध्ये निघणारा उन्हाळ कांदा मात्र चाळीत महिनोन् महिने राहतो. ऑक्टोबरात कांदा महागला की दूरचित्रवाणीसमोर बसून संतापणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मे महिन्यात 'एवढा कांदा ठेवायचा कुठे?' असे विचारलेले असते.

हापूस जानेवारीत मागू नये. येतो तो मानाचा, आणि त्याची पेटी पुढारी एकमेकांना देतात. सामान्य नागरिकाचा आंबा एप्रिल-मे मध्ये असतो. तो अंगठ्याने दाबून पाहू नये. आधीच्या प्रत्येकाने दाबलेला असतो. देठापाशी वास घ्यावा. कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. सगळी पेटी एका रंगाची, एका दिवसात पिवळीधमक आणि नाकाला मात्र काहीच कळत नाही, असे आढळल्यास पेटीला नमस्कार करून पुढे जावे.

कलम ४ : गावाचे नाव शोधणे

'गावठी', 'देशी' आणि 'सेंद्रिय' ही तीन विशेषणे बाजारात सुटी मिळतात. पहिल्या दोहोंना कागद लागत नाही. तिसऱ्याला असू शकतो, आणि असल्यास तो पाहायला मागता येतो. छोट्या शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांच्या शेतांची पाहणी करून हमी द्यायची, अशी पीजीएस नावाची सरकारमान्य पद्धतही आहे. भाजीला कीड लागलेली आहे म्हणजे ती सेंद्रिय, हे प्रमाणपत्र मात्र कोणतीही यंत्रणा देत नाही. अळीचा तसा दावा नसतो.

विशेषणापेक्षा गावाचे नाव शोधावे. महाराष्ट्रात कितीतरी पिकांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे: जळगावची भरीताची वांगी, सासवड भागातले पुरंदरचे अंजीर, कोरेगावचा वाघ्या घेवडा, मंगळवेढ्याची ज्वारी, आजऱ्याचा घनसाळ, अलिबागचा पांढरा कांदा, भिवापूरची मिरची, आणि हळद तर सांगलीची वेगळी, वायगावची वेगळी. ही नावे तोंडपाठ असल्यास बाजारात वजन पडते. मात्र वाघ्या घेवड्याला 'राजमा आहे का?' असे विचारून ते लगेच घालवू नये. आणि विक्रेत्याने प्रत्येक वांग्याला जळगावचे म्हटले, तर जळगाव जिल्हा एवढा मोठा नाही, हे लक्षात असू द्यावे.

कलम ५ : भाव

या कलमाचे पालन सर्वांत कमी होते.

अनेक बाजारांत भावाचा फलक असतो आणि गटाने ठरवलेला भाव सर्व गाळ्यांवर एकच असतो. तरीही परंपरा म्हणून पुढील संवाद पार पाडला जातो:

'मावशी, मेथी कशी?'

'वीसला जुडी, ताई.'

'पलीकडे पंधराला देतायत.'

'मग पलीकडनं घ्या की.'

पलीकडे कोणीही पंधराला देत नसते. हे दोघींनाही ठाऊक असते. तरी ताई पलीकडे चार पावले जाऊन, रिकाम्या हाताने परत येऊन, वीस रुपयेच देतात आणि 'महागाई किती झालीय' असे म्हणत शेजारच्या हॉटेलात शिरतात. तिथे पोह्यांच्या बशीच्या छापलेल्या किमतीला नजर लागू नये म्हणून कोणी ती वाचतही नाही.

घासाघीस करण्यास हरकत नाही. ती बाजाराची भाषा आहे आणि शेतकऱ्यालाही येते. पण 'आम्ही मुद्दाम तुम्हाला मदत म्हणून इथे येतो' हे वाक्य आणि 'पाच रुपये कमी करा' हे वाक्य एकाच दमात म्हणू नये. दोहोंपैकी एक निवडावे. तोडणीची मजुरी, टेम्पोचे भाडे आणि न खपलेला माल या तिन्हींचा खर्च त्या वीस रुपयांतूनच निघायचा असतो. मदतीचे स्वतंत्र खाते बाजारात कोणाकडे नाही.

टोमॅटो हा या विषयाचा अभ्यासग्रंथ. २०२३ च्या जुलैत किलोमागे शंभरी ओलांडल्यावर तो बातम्यांच्या पहिल्या मथळ्यात होता. तोच टोमॅटो तोडणीच्या मजुरीलाही न परवडल्यामुळे रस्त्यावर ओतला जातो, तेव्हा आतल्या पानावर असतो. म्हणून स्वस्त टोमॅटो दिसल्यास अभिनंदन स्वीकारण्यापूर्वी दोन किलो जास्त घ्यावेत आणि घरी सॉस करावा. तो बिघडला तरी चालेल.

वरून कोथिंबीर मागण्यापूर्वी ऋतू पाहावा. थंडीत ती न मागताच मिळते. भर पावसाळ्यात जुडीचा भाव चढलेला असताना 'थोडी वरून टाका की' म्हणणे हा कोथिंबिरीचा प्रश्न राहत नाही, धाडसाचा होतो.

कलम ६ : काटा आणि निवड

वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असावा. तो पाहण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकाला आहे आणि तो गुमान वापरावा. काट्याकडे संशयाने, डोळे बारीक करून पाहण्याने वजन वाढत नाही.

भेंडीचे शेंडे मोडून पाहू नयेत. ती कोवळी आहे हे आपल्याला कळते, पण शेंडा मोडलेली भेंडी नंतरच्या गिऱ्हाइकाला काहीच कळवू शकत नाही. ढिगातून एकसारखे टोमॅटो निवडून घेणाऱ्याने मागे काय उरते, याचा विचार करावा. वेडीवाकडी काकडी आणि बोटांएवढी वांगी चवीला कुठेही कमी नसतात. त्यांना प्रतवारीत नापास केलेले असते, एवढेच.

कलम ७ : वेळ

बाजारात सकाळी लवकर जावे किंवा अगदी शेवटी जावे. लवकर गेल्यास माल चांगला मिळतो. शेवटी गेल्यास स्वस्त मिळतो, कारण गाडी भरून परत नेण्यापेक्षा उरलेली पालेभाजी पडत्या भावाने देणे परवडते. या सवलतीचा लाभ घेणाऱ्याने तिला आपली हुशारी समजू नये. ती मेथीची मर्यादा आहे.

पावसाच्या दिवशी मात्र वेळ पाहू नये, जावेच. रविवारी सकाळी सर येते, सोसायटीतले लोक खिडकीतून आभाळ पाहतात आणि 'आज राहू दे' म्हणतात. पण पालेभाजी आदल्या संध्याकाळी किंवा पहाटेच तोडलेली असते. टेम्पोचे भाडेही ठरलेले असते. तो माल परत वावरात लावता येत नाही आणि पुढच्या रविवारपर्यंत टिकत नाही. तेव्हा वरील सर्व कलमे विसरलात तरी चालेल. छत्री घ्या, दोन जुड्या जास्त घ्या, आणि त्या दिवशी भाव करू नका.